उद्यानांचा आराखडा संगणकाच्या हाती. निकष मात्र कोणाचे?

तैवानमधील तायचुंग शहरात जुन्या शुइनान विमानतळाच्या जागेवर सुमारे ६७ हेक्टरांचे उद्यान उभे राहिले आहे. २०२० मध्ये नागरिकांसाठी खुल्या झालेल्या या उद्यानाचा आराखडा करताना आरंभी पायवाटा, कारंजी किंवा फुलांचे ताटवे कागदावर उतरले नाहीत. पहिल्यांदा तयार झाले ते उष्णता, आर्द्रता आणि हवेचे प्रदूषण यांचे तीन नकाशे. त्या मोकळ्या जागेवर वारा कोठून येतो, कोठे अडतो, आसपासच्या रस्त्यांवरील धूर किती आत शिरतो, याचे अनुमान संगणकाने बांधले आणि उद्यानाची मांडणी त्या अनुमानातून आकाराला आली.

लँडस्केप आर्किटेक्चर, अर्थात भूदृश्यरचना, या क्षेत्रात गेल्या दोन दशकांत रुजलेल्या ‘पॅरामेट्रिक’ आरेखनाचे हे एक ठळक उदाहरण मानले जाते. वाढता उकाडा, तासाभरात शहर तुंबवणारा पाऊस आणि आक्रसत चाललेल्या मोकळ्या जागा यांच्या पेचात सापडलेल्या शहरांना या तंत्राचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मुंबई आणि पुणे ही शहरेही त्याला अपवाद नाहीत. मात्र, या तंत्राने नेमके काय साधते आणि कोणता प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहतो, याचा विचार आराखडे मंजूर होण्याआधी व्हायला हवा.

आकड्यांशी बांधलेली रेषा

पॅरामीटर म्हणजे गणिताच्या परिभाषेत प्राचल. सोप्या शब्दांत, आराखड्यातील बदलता घटक. एरवी संगणकावर आराखडा काढला, तरी त्यातील रेषा ही केवळ रेषाच असते. पायवाट दोन मीटर सरकवायची झाली, तर तिच्यासोबत पायऱ्या, गटार, दिव्यांचे खांब आणि झाडांचे खड्डेही एकेक करून सरकवावे लागतात. पॅरामेट्रिक पद्धतीत आरेखक रेषा काढण्याऐवजी रेषांमधील संबंध लिहितो. उतारमार्गाचा चढ एकास बारापेक्षा अधिक नको, झाडाच्या पूर्ण वाढलेल्या पसाऱ्याइतके अंतर दोन खोडांमध्ये हवे, बाकावर दुपारी सावली हवी, असे नियम एकदा ठरले की जमिनीची उंची बदलताच उतारमार्गाची लांबी आपोआप बदलते. मार्ग लांबला की झाडांच्या जागा बदलतात आणि त्याबरोबर सावलीचा नकाशाही.

एका आकड्यातील बदलाचे परिणाम साऱ्या आराखड्यावर क्षणार्धात दिसणे, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य होय. त्यामुळे एकाच जागेसाठी शेकडो पर्याय तपासता येतात. किती माती खोदावी लागेल आणि ती तिथेच भरावासाठी पुरेल काय, मे महिन्याच्या दुपारी किती चौरस मीटर जागा उन्हात राहील, अशा प्रश्नांची उत्तरे फावडे चालण्यापूर्वीच मिळू शकतात. इमारतीपेक्षा भूदृश्यात या सोयीचे मोल अधिक आहे. इमारत बांधून झाली की तिचा आकार बहुतांशी कायम राहतो. उद्यानातील माती खचते, पाणी वाट बदलते, रोपांचे वृक्ष होतात.

साधन नवे, विचार जुना

या विचाराची मुळे संगणकाच्या आधीची आहेत. स्पॅनिश वास्तुविशारद अंतोनी गाउदी यांनी कोलोनिया ग्वेल येथील चर्चसाठी दोऱ्यांना छोटी वजने टांगून कमानींचे आकार शोधले होते. एक वजन बदलले की साऱ्या दोऱ्या नवा आकार घेत. इटलीचे लुइजी मोरेत्ती यांनी १९६० मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्रेक्षकांच्या दृष्टिरेषांच्या गणितावर आधारलेल्या स्टेडियमच्या प्रतिकृती मांडल्या आणि अशा रचनेला ‘पॅरामेट्रिक’ असे नावही दिले.

भूदृश्यरचनेत या विचाराचा पाया घातला तो इयान मॅकहार्ग यांनी. ‘डिझाइन विथ नेचर’ या १९६९ च्या ग्रंथात त्यांनी उतार, माती, पूरक्षेत्र, वने, ऐतिहासिक स्थळे आणि वस्त्या यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवण्याची पद्धत मांडली. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील नियोजित महामार्गासाठी त्यांनी असे नकाशे केले. जिथे नैसर्गिक वा सामाजिक मूल्य अधिक, तिथे गडद छटा. आणि जिथे सर्व नकाशे मिळून सर्वांत फिकट, तिथून रस्ता न्यावा, असा त्याचा मथितार्थ होता. १९६५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या संगणक-आलेखन प्रयोगशाळेत नकाशांचे हेच काम यंत्राकडून करून घेण्याचे प्रयत्न झाले. तिथे भूदृश्यरचना शिकलेल्या जॅक डेंजरमंड यांनी १९६९ मध्ये ‘एस्री’ ही कंपनी स्थापन केली. आज जगभरातील शासकीय कार्यालये जी भौगोलिक माहिती प्रणाली वापरतात, तिच्या प्रसारात या कंपनीचा मोठा वाटा आहे.

पुढचा टप्पा २००७ नंतरचा. ‘ऱ्हायनो’ या त्रिमिती आरेखनाच्या सॉफ्टवेअरसाठी डेव्हिड रुटन यांनी तयार केलेल्या ‘ग्रासहॉपर’ या साधनामुळे संगणकाची भाषा न शिकता, पडद्यावर चौकटी तारांनी जोडून नियम लिहिणे शक्य झाले. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपर्यंत हे तंत्र पोहोचले ते त्यामुळे. लगोलग २००८ मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला महोत्सवाच्या निमित्ताने झहा हदीद यांचे सहकारी पॅट्रिक शूमाकर यांनी ‘पॅरामेट्रिसिझम’ ही आधुनिकतावादानंतरची नवी शैली असल्याचा जाहीरनामाच मांडला. येथून एका गोंधळाला सुरुवात झाली. निर्णय घेण्याची पद्धत म्हणून जन्मलेली गोष्ट वळणदार, लाटांसारख्या आकारांची शैली म्हणून ओळखली जाऊ लागली. आज अनेक ठिकाणी ‘पॅरामेट्रिक’ या नावाने प्रत्यक्षात खपतो तो केवळ हा आकार.

तायचुंगचा धडा

तायचुंगचे उद्यान या गोंधळापासून दूर राहिले, म्हणून ते महत्त्वाचे. स्विस वास्तुविशारद फिलिप राम, फ्रेंच भूदृश्यरचनाकार कॅथरीन मॉसबाख आणि तैवानमधील रिकी लिऊ यांच्या संस्थांनी २०११ मधील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. हवेच्या प्रवाहाचे गणित मांडणाऱ्या संगणकीय पद्धतीने त्यांनी त्या जागेतील सूक्ष्म फरक शोधले. सपाट दिसणाऱ्या मैदानावरही काही पट्टे किंचित थंड, काही किंचित कोरडे तर काही रस्त्यांपासून दूर असल्याने कमी प्रदूषित होते. आराखड्याने हे फरक पुसले नाहीत, उलट अधिक तीव्र केले. जिथे मुळातच थोडा गारवा, तिथे दाट सावलीची झाडे आणि गारवा वाढवणारी साधने; जिथे हवा तुलनेने स्वच्छ, तिथे ती अधिक स्वच्छ करणारी झाडोऱ्याची योजना. विरंगुळा, खेळ आणि कुटुंबांसाठीच्या जागांची मांडणीही या हवामान-पट्ट्यांच्या आधारे करण्यात आली.

तिन्ही नकाशे परस्परांवर ठेवल्यावर कोठे थंड पण दमट, कोठे कोरडी पण उन्हाची, अशा अनेक प्रकारच्या जागा तयार होतात आणि त्यातून आपल्याला हवी ती जागा निवडण्याची मुभा नागरिकाला मिळते. दमट उष्ण हवामानाच्या शहरात ही मुभा मोलाची आहे. कोकणपट्टीतील शहरांना हे उदाहरण जवळचे वाटावे ते याच कारणाने.

तथापि, याच प्रकल्पाची दुसरी बाजूही आहे. स्पर्धा २०११ मध्ये आणि उद्यान खुले २०२० मध्ये, म्हणजे आराखड्याच्या गतीचा प्रत्यक्ष कामाच्या गतीशी संबंध नाही. शिवाय ज्या उद्यानाचा गारवा काही अंशी यंत्रसाधनांवर विसंबून असतो, त्याची देखभाल हा कायमचा खर्च ठरतो. झाडाची सावली वयानुसार वाढते. यंत्राची कार्यक्षमता वयानुसार घटते. हा फरक संगणकावरील चित्रात दिसत नाही.

नदीतील कुंड्या, बोगद्याचा ढिगारा

न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीत मे २०२१ मध्ये खुल्या झालेल्या ‘लिटल आयलंड’ या सुमारे अडीच एकरांच्या उद्यानात तंत्राचा आणखी एक उपयोग दिसतो. थॉमस हेदरविक यांच्या संस्थेने आखलेले हे उद्यान काँक्रीटच्या १३२ भव्य कुंड्यांवर पेलले आहे. कुंड्यांची उंची आणि त्यावर येणारा मातीचा व झाडांचा भार जागोजागी बदलतो. भूदृश्यरचनाकार सिग्ने नील्सन यांनी तेथे साडेतीनशेहून अधिक प्रजातींची लागवड योजली. खाली नदीत सूर्यप्रकाश पोहोचावा आणि जलचरांचा अधिवास टिकावा, म्हणून उद्यानाचा एक कोपरा उचलून घेण्यात आला. एवढे घटक एकमेकांत गुंतलेले असताना हाताने आकडेमोड करून हे साधणे जवळपास अशक्य होते. अर्थात, सुमारे २६ कोटी डॉलरचा खर्च उचलणारा धनिक देणगीदार प्रत्येक शहराच्या वाट्याला येत नाही, हेही तितकेच खरे.

त्याहून कमी चर्चेत राहिलेले पण अधिक अनुकरणीय उदाहरण स्वित्झर्लंडमधील आहे. आल्प्समधील चेनेरी रेल्वे बोगद्याच्या खोदाईतून निघालेला प्रचंड दगडमातीचा ढिगारा सिगिरिनो येथे डोंगराच्या कुशीत रचायचा होता. झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक क्रिस्तोफ जिरो यांच्या चमूने लेझर किरणांनी दरीची मोजणी करून त्रिमिती प्रतिकृती तयार केली. उताराची स्थिरता, पाण्याचा निचरा आणि डोंगराशी जुळणारा आकार यांचा मेळ घालत ढिगाऱ्याचे रूप ठरले. येथे डोळे दिपवणारा आकार नाही. मेट्रो आणि भुयारी मार्गांच्या खोदाईतून निघणाऱ्या मातीचे काय करायचे, हा प्रश्न पडलेल्या आपल्या शहरांनी मात्र त्याची नोंद घ्यावी.

९४४ की ७३?

या तंत्राचा आपल्याकडील संभाव्य उपयोग समजून घ्यायचा, तर पावसाच्या पाण्याचे साधे गणित पुरेसे आहे. एक हेक्टर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५ लाख लिटर पाणी जमते. ती जागा डांबरी असेल आणि दहापैकी नऊ भाग पाणी वाहून जाईल असे धरले, तर गटारात साडेचार लाख लिटर पाणी येते. तीच जागा सच्छिद्र मातीची, झाडाझुडपांची असेल आणि दोनच भाग वाहतील असे धरले, तर येते एक लाख लिटर. उद्यान हे शोभेपलीकडे जाऊन शहराच्या जलनिस्सारणाचा भाग कसे होते, ते या फरकातून दिसते. सिंगापूरने बिशान-आंग मो किओ उद्यानातील कालांग नदीचा २.७ किलोमीटरचा काँक्रीटचा कालवा काढून तिला सुमारे ३.२ किलोमीटरचे नागमोडी पात्र २०१२ मध्ये परत दिले. पाणी चढले की काठचे हिरवळीचे उतारच पात्राचा भाग बनतात. त्यामागेही जलप्रवाहाचे संगणकीय प्रारूप होते.

परंतु, वरील गणितातील ‘नऊ’ आणि ‘दोन’ हे आकडे कोठून आले, हा कळीचा प्रश्न आहे. जुलैच्या मध्यापर्यंत पाण्याने तुडुंब भरलेली मुंबईची माती जूनच्या पहिल्या सरीइतके पाणी शोषत नाही. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी काळी माती परदेशी पाठ्यपुस्तकातील मातीसारखी वागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आयते मिळणारे आकडे आणि झाडांचे संच बहुधा युरोप-अमेरिकेतील असतात. वडाच्या पारंब्या, करंजाची दाट सावली किंवा ऐन उन्हाळ्यात पाने गाळून फुलणारा बहावा यांची वर्तणूक त्यात कोणीतरी भरल्याखेरीज येत नाही.

पावसाच्या आकड्यांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईतील सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यात सुमारे ७३ मिलिमीटर. शहर एक, दिवस एक आणि आकडे दोन. आराखड्यात यांपैकी कोणता आकडा भरायचा? हवामानाच्या अभ्यासासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या फाइली ‘नमुनेदार वर्षा’च्या असतात. अनेक वर्षांतून सर्वसाधारण वाटणारे महिने निवडून त्या जोडल्या जातात. साहजिकच, अपवादात्मक दिवस त्यातून गळून पडतात. नेमके तेच दिवस शहराच्या स्मरणात राहतात आणि तेच जीव घेतात. संगणक चूक करीत नाही हे मान्य केले, तरी त्याला न सांगितलेला पाऊस तो मोजत नाही.

पुण्यात मुळा-मुठा नदीकाठच्या ४४ किलोमीटर लांबीच्या प्रकल्पावरून पूररेषा आणि वृक्षतोड यांचा वाद झडला, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता. महाराष्ट्रात २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. पूर किती मोठा धरायचा, पाणलोटातील किती जमीन बांधकामाखाली गेली असे मानायचे, यावर या रेषा मागे-पुढे होतात. अर्थात, पूररेषा हादेखील गृहीतकांवर उभा असलेला आकारच आहे. फरक इतकाच, की ती सरकली तर तिच्यासोबत घरे, झाडे आणि जमिनीचे भाव सरकतात.

आकड्यांत न मावणारे

सोल शहरातील दोंगदेमुन डिझाइन प्लाझा हे पॅरामेट्रिक रचनेचे जगभर नावाजलेले उदाहरण. झहा हदीद यांच्या संस्थेच्या या संकुलात छप्परच उद्यान होते, उतारच पायवाट होतो. सुमारे ४५ हजार ॲल्युमिनियमच्या तावदानांपैकी प्रत्येकाचे वळण संगणकाने ठरवले. परंतु, ही वास्तू ज्या जागी उभी आहे, तिथे १९२५ मध्ये बांधलेले क्रीडासंकुल होते आणि त्यात जुन्या बाजारातील पथारीवाल्यांनी दुकाने मांडली होती. चोंग्गेचोन नाल्याच्या पुनरुज्जीवनाच्या वेळी एकदा हलवलेल्या या विक्रेत्यांना २००८ मध्ये पुन्हा उठावे लागले. खोदाईत शहराच्या जुन्या तटबंदीचे अवशेष सापडले, तेव्हा आराखड्यात त्यांच्यासाठी जागा करण्यात आली. तटबंदीला आराखड्यात स्थान मिळाले; पथारीवाल्यांना मिळाले नाही.

मॅकहार्ग यांच्या नकाशांबाबतही हीच मेख होती. वने आणि वस्ती यांपैकी कोणती छटा अधिक गडद, हे निसर्ग सांगत नाही. ते माणूस ठरवतो. संगणकामुळे हा निर्णय अधिक खोल दडतो, कारण पडद्यावर उमटणारे रंगीत चित्र शास्त्रसिद्ध निष्कर्षाचा आव आणते. संध्याकाळी कट्ट्यावर बसणारे वृद्ध, दुपारी झाडाखाली डबा उघडणारे मजूर, उद्यानाच्या फाटकाशी भेळ विकणारा गाडीवाला यांची गरज कोणी प्राचल म्हणून लिहिली नाही, तर संगणकाच्या लेखी ती अस्तित्वातच नसते. ही त्रुटी यंत्राच्या माथी मारता येणार नाही. ती यंत्रापुढे बसलेल्यांची आणि त्यांना काम देणाऱ्यांची आहे.

मागणी कशाची करावी?

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ पैकी १२० एकर जागेवर सार्वजनिक उद्यान करण्याचा मार्ग २०२४ मध्ये मोकळा झाला. किनारी रस्त्यालगतची सुमारे १७५ एकर मोकळी जागा त्याला जोडली, तर जवळपास ३०० एकरांचे हरितक्षेत्र शहराला मिळू शकते. एवढी सलग जागा मुंबईला पुन्हा मिळण्याची शक्यता धूसर आहे. अशा जागेच्या आराखड्यासाठी आधुनिक साधने वापरू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. उलट, ऊन, वारा, भरती आणि पाऊस यांचा एकत्रित विचार हाताने करणे अवघड असल्याने ती वापरायलाच हवीत. भूदृश्यरचनेचे पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या संस्था पुण्यासह देशात आहेत आणि या व्यवसायातील तज्ज्ञांची संघटनाही आहे. तेव्हा मनुष्यबळाची सबब पुढे करता येणार नाही.

मात्र, त्यासाठी काही अटी आवश्यक ठरतात. पहिली, आराखड्यासोबत त्यामागील गृहीतकेही मराठीत जाहीर व्हावीत: कोणत्या वेधशाळेचा पाऊस धरला, भरतीची पातळी किती मानली, कोणत्या गरजांना किती वजन दिले. नागरिकांच्या हरकती आज रंगीत चित्रांवर मागवल्या जातात. त्या आकड्यांवर मागवल्या, तर चर्चेला अर्थ येईल. दुसरी, आयत्या आकड्यांऐवजी प्रत्यक्ष जागेवर किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा मोजणी व्हावी. प्रकल्पाच्या एकूण खर्चात हा खर्च नगण्य असतो. तिसरी, उद्यान झाल्यावर पाच वर्षे तपमान, पाण्याचा निचरा आणि झाडांची वाढ मोजून ती मूळ अनुमानाशी ताडून पाहावी. अनुमान चुकले असेल, तर पुढील आराखड्यात सुधारणा करता येईल. या पद्धतीचे खरे बलस्थान, म्हणजे आकडा बदलून आराखडा पुन्हा पाहण्याची सोय, उद्घाटनाच्या फितीबरोबर कापून टाकण्यात शहाणपण नाही.

संगणकाने भूदृश्यरचनेला वेग दिला, अचूकता दिली आणि पूर्वी डोळ्यांना न दिसणारा वारा नकाशावर आणून दाखवला. कोणासाठी सावली आणि कोणाच्या दारात पाणी, हे ठरवण्याचे काम मात्र त्याने कधीच अंगावर घेतलेले नाही. ते काम महापालिकेच्या सभागृहाचे, तज्ज्ञांचे आणि शेवटी नागरिकांचे आहे. पुढील काही वर्षांत आपल्या शहरांतील उरल्यासुरल्या मोकळ्या जागांचे भवितव्य ठरणार आहे. तेव्हा पडद्यावरील देखण्या चित्राला दाद देण्यापूर्वी त्यामागे कोणते आकडे आहेत, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी लागेल.